विचार करून सांगतो

आमच्या नानांना कुठलीही गोष्ट पटकन ठरवता येत नसे. बाजारात वांगी घ्यायची तरी आधी सगळ्या टोपल्यांवरून एक फेरी, मग कोपऱ्यावर उभं राहून थोडा विचार, आणि मग परत पहिल्या टोपलीपाशी. तोवर चांगली वांगी गेलेली असत. वांग्यांचं ठीक आहे, किडकी निघाली तर आई तो भाग काढून भरीत करायची. पण नानांनी जेव्हा याच चालीने घर शोधायला सुरुवात केली तेव्हा आमच्या घरात रोज संध्याकाळी एक विचित्र शांतता पसरू लागली. त्या शांततेत फक्त स्टोचा आवाज ऐकू यायचा आणि आई पोळ्या जरा जास्तच जोरात लाटायची.

आम्ही तेव्हा अंबरनाथला राहत होतो, स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनी नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर. एका बैठ्या चाळीत दोन खोल्या आणि पुढे लाकडी कठड्याची अरुंद गॅलरी. नाना कारखान्यात स्टोअरकडे कारकून होते. सकाळी आगकाड्यांच्या कारखान्याचा भोंगा झाला की सगळी चाळ एकदम जागी व्हायची, बादल्या खणखणायच्या, कुणीतरी कुणाच्या तरी पोराच्या नावाने ओरडायचं. वारा तिकडून असला तर गंधकाचा वास यायचा. तो वास मला अजूनही आवडतो, हे मी माझ्या सुनेला सांगितलं तर ती माझ्याकडे काळजीने बघते.

त्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं होतो. आई, नाना, मी, आणि काकू आपल्या दोन मुलांसह, म्हणजे दिगू आणि मधू. काकू नानांच्या थोरल्या भावाची बायको. काका गावी अचानक वारले, शेत तिसऱ्याच माणसाने कसायला घेतलं, आणि नाना जाऊन तिघांना घेऊन आले. (एवढी एकच गोष्ट नानांनी विचार न करता केली असं आई म्हणायची, आणि म्हणताना तिच्या आवाजात तक्रार नसे.) काकू बोलायची फार कमी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरायची आणि दिवसभर अशा बेताने वावरायची की जणू जमिनीला तिचे पाय लागता कामा नयेत. आपण या घरात जागा अडवतो आहोत हे तिच्या मनातून क्षणभरही जात नसावं.

आणि खरंच तिच्या येण्याने एक जागा गेली होती, माझ्या धाकट्या बहिणीची. ती मंडळी आली त्याच हिवाळ्यात वत्सूला डांग्या खोकला झाला. ती सहा वर्षांची होती. स्टोचा धूर, कोंदट खोली, एवढी माणसं. डॉक्टर म्हणाले, हिला हवापालट हवा. पेणला माझी मावशी होती, आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, घर मोठं होतं, मागे नारळाची चार झाडं. मावशी येऊन वत्सूला घेऊन गेली, दोन महिन्यांसाठी. खोकला दोन महिन्यांत गेला. मग म्हणे पावसाळा होऊन जाऊ दे. मग म्हणे तिचं नाव इथल्या शाळेत घातलंय, वर्ष कशाला मोडायचं. आई प्रत्येक वेळी म्हणायची, "घर झालं की आणतेच तिला." दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाली.

त्या दिवाळीला वत्सू आली ती मावशीने शिवलेला झालरीचा फ्रॉक घालून. गुबगुबीत झाली होती, गालांवर रंग चढला होता, बोलताना पेणकडचे हेल काढत होती. आई चकल्या तळत होती. वत्सू तिच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "अक्का, मला एक मोडकी दे ना."

अक्का म्हणजे मावशी आईला हाक मारायची ती. तिकडे मावशी झाली होती आई, आणि आई झाली होती अक्का. पोरीने कुणाला दुखवायला म्हटलं नव्हतं. दोन वर्षं कानावर जे पडलं तेच ओठांवर आलं. काकूने दचकून वर पाहिलं. आईने झाऱ्यावरची चकली निथळू दिली, मोडून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "फुंकून खा. गरम आहे." बाकी काही नाही. पण वत्सूला पेणला पोचवून नाना परत आले, त्यांनी पायही धुतले नव्हते, आणि आईने त्यांना दारातच सांगितलं, "या वर्षात घर व्हायला हवं. कसंही असू दे, कुठेही असू दे."

हे सांगणं सोपं होतं. पण त्या वेळचं अंबरनाथ ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कळायचं नाही की घर मिळवणं म्हणजे काय होतं. फाळणीनंतर कल्याणच्या पुढे लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधी लोकांचा कँप बसला होता आणि त्याचं बघता बघता उल्हासनगर झालं. ज्यांचे हातपाय हलू लागले ते बराकीतून बाहेर पडून आमच्या बाजूला जागा बघू लागले. कारखाने वाढत होते, त्यांची माणसं येत होती. शिवाय मुंबईची बडी मंडळी, त्यांना हवा खायला बंगली हवी असायची. एका खोलीमागे दहा जण. सकाळी पाहिलेली जागा दुपारी आपली असेल याची खात्री नाही. आज माझा नातू मोबाइलवर बोटाने घरं सरकवत बसतो आणि म्हणतो, आजी, मार्केट फार वाईट आहे. मी म्हणते, बाबा रे, ते चांगलं कधी होतं?

घरं दाखवायला आम्हाला टेकचंद भेटला. हा सिंधी गृहस्थ, चाळिशीचा, उंच, काळी टोपी, आणि त्याच्याकडे एक सायकल होती जिची घंटी चाळीच्या टोकापासून ऐकू यायची. तिकडे सिंधमध्ये, शिकारपूरला त्याचं कापडाचं दुकान होतं. इकडे आल्यावर काही दिवस पापड विकले, फिरता फिरता कुणाची जागा रिकामी होतेय ते कळू लागलं, आणि तो दलाल झाला. त्याची भाषा म्हणजे हिंदीत मराठी आणि दोन्हींत सिंधी. "नानासाब, आज देखो, आज बोलो. कल बोलेगा तो जागा कलच्या माणसाची."

नाना टोपी सारखी करत आणि म्हणत, "विचार करून सांगतो."

हे वाक्य मी त्या वर्षात इतकं ऐकलं की मला त्याची चाल पाठ झाली. स्टेशनजवळ तेलाच्या घाण्याशेजारी दोन खोल्या होत्या. नाना विचार करून सांगतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तिथे एका मिठाईवाल्याची कढई चढली. एक घर चार भिंतींचं होतं आणि वर आभाळ होतं. त्यावर विचार करेपर्यंत कुणीतरी पत्रेही टाकले. बदलापूर स्टेशनलगतच्या कुळगावच्या बाजारात दोघा भावांचं एक घर होतं. थोरला विकायला तयार, आणि धाकटा उंबऱ्यात आडवा बसलेला. "माझ्या अंगावरून जा," तो म्हणाला. टेकचंद त्याला हात जोडून म्हणाला, "साईं, तुम्हारे अंगावरून रोज कैसे जाएगा? बच्चे लोग है." तेवढ्या एका घराच्या बाबतीत नानांना विचार करावा लागला नाही.

घर बघायला रविवारी आई, नाना आणि मी असे जायचो. आईची घर बघायची एक पद्धत होती. आधी ती चूल कुठे मांडता येईल तिथे उभी राहून उजेड कुठून येतो ते बघायची. मग मला म्हणायची, "शकू, आडवी हो." मी त्या परक्या जमिनीवर भिंतीला डोकं लावून आडवी व्हायची. आई माझ्या पायांपाशी उभी राहून मनातल्या मनात आम्हा सगळ्यांना एकेक करून माझ्या शेजारी झोपवायची. इकडे काकू, तिकडे मुलं. तिचे ओठ हलायचे. शेवटी ती माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघायची, आणि तिथे कोण झोपणार ते मला न सांगता कळायचं. मग मी उठायची आणि आई माझ्या पाठीची धूळ झटकायची. एकेका रविवारी माझ्या पाठीला तीन तीन घरांची धूळ लागलेली असे.

याच दिवसांत आईची टेकचंदच्या बायकोशी ओळख झाली. एकदा कँपात कापड बघायला गेलो होतो, ऊन फार होतं, तर टेकचंद आम्हाला बराकीतल्या आपल्या खोलीवर घेऊन गेला. लांबच लांब बराक, मध्ये चादरी आणि साड्यांचे पडदे लावून केलेली घरं. एका पडद्याआड जसोदाबाई बसली होती. गोरीपान, हाडकुळी, सलवारीसारखी ढगळ सुथण, डोक्यावरून पांढरी ओढणी. तिने भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं. तिला मराठी येत नव्हतं, आईला सिंधी येत नव्हतं आणि दोघींचं हिंदी एकमेकींपेक्षा वाईट होतं. तरी तासभर बोलत बसल्या. आई पापड कसा लाटला ते विचारत होती, ती हाताने दाखवत होती. मला आठवतात त्या कोपऱ्यातल्या पेट्या. मोठ्या पत्र्याच्या, दोरखंडाने आवळलेल्या, जणू आत्ताच कुठल्या गाडीतून उतरवल्यात किंवा आत्ताच चढवायच्यात. दोरांवर धूळ बसली होती.

परत येताना आईने टेकचंदला विचारलं, "तुम्ही आम्हाला एवढी घरं दाखवता. स्वतःसाठी का नाही एखादं बघत?"

तो सायकल हातात धरून चालत होता. त्याने घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "बहोत दाखवली, भाभीजी. दरवाजे तक येते, अंदर पाय नाही टाकत. बोलती है, इथे घर घेतलं तो फिर वापस कौन जाएगा? उधर चाबी पडोसी को देके आई है. बोलके आई है, दिवाळी के बाद आती हूँ."

 त्यानंतर आई अधूनमधून कँपात जाऊ लागली. कधी कैरीचं लोणचं घेऊन, कधी नुसतीच. जसोदाबाईही आमच्याकडे एकदोनदा येऊन गेली. काकू आणि ती गॅलरीत शेजारी शेजारी बसून तांदूळ निवडायच्या, एक शब्दही न बोलता, आणि दोघींनाही ते फार आवडत असावं.

पावसाळा सरून हवा कोरडी झाली तेव्हा टेकचंद एका संध्याकाळी घंटी वाजवत आला ती चाळभर ऐकू गेली. कुळगावात, चामटोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एक घर निघालं होतं. मथुराबाय नावाच्या म्हाताऱ्या विधवेचं. ती लेकीकडे चामटोलीला राहायला निघाली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे विहीर. मुंबईचे कुणी डॉक्टर बघून गेले होते, एका गवताच्या व्यापाऱ्यालाही हवं होतं. पण मथुराबायने टेकचंदला रविवारपर्यंतचा शब्द दिला होता.

नाना आणि आई आधी दोघेच जाऊन पाहून आले. परत आल्यावर नाना बराच वेळ गॅलरीत उभे होते. मग आत आले आणि म्हणाले, "रविवारी बयाणा देऊन टाकू." आईच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. काकूने पुढे होऊन ती उलटली.

रविवारी आई जसोदाबाईला मुद्दाम बरोबर घेऊन गेली. म्हणाली, बिचारी त्या पडद्याआड किती बसणार, जरा मोकळ्यावर येईल. आणि चुलीची जागा बघायला बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. तेव्हा आम्ही पाच जण बदलापूरला उतरून चालत निघालो. भातं कापून झाली होती, खाचरांत बगळे उभे होते, हवेत पेंढ्याचा वास होता. नानांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवलेला होता आणि तो ते काढतच नव्हते. आईने लग्नातलं जरीकाठी लुगडं नेसलं होतं. मला वाटलं, आज आपण कुणाच्या तरी मुंजीला चाललोय.

मथुराबाय पडवीत वाट बघत बसली होती. "ये गो बाय, इकरं बस. उन्हाची चालत आलीस." तिने गूळपाणी दिलं. घरातली भांडीकुंडी बरीचशी गेली होती. "म्हस पन गेली चामटोलीला," ती म्हणाली. "तिच्याबिगर मना नाय करमत. घराच्याबिगर करमंल एक वेळ." मी हसले तशी तिने माझ्या गालाला हात लावला. तिच्या तळव्याला शेणाचा आणि तंबाखूचा वास होता.

आई मला आतल्या खोलीत घेऊन गेली. छान सारवलेली जमीन, कौलातल्या काचेतून पडलेला उन्हाचा एक चौकोन, आणि मागच्या अंगाला खिडकी. खिडकीबाहेर शेवगा फुलला होता. "शकू, आडवी हो." मी आडवी झाले. जमीन गार होती. आईचे ओठ हलू लागले आणि या वेळी ते हलताना हसत होते. सगळे झोपून झाले तरी जागा उरली. वत्सू झोपून झाली तरी उरली. मी मनात ठरवूनही टाकलं की खिडकीजवळ मी झोपणार आणि वत्सूला खिडकी रविवारी देणार.

तेवढ्यात मागच्या बाजूने आवाज आला. सर्र, सर्र. केरसुणीचा.

आम्ही मागच्या दारात गेलो. जसोदाबाई अंगण झाडत होती. तिने आधी विहिरीचं पाणी काढलं असावं, कारण पोहरा काठावर ओला होता आणि तिची हनुवटी ओली होती. ओढणी कमरेला खोचलेली. वाकून, एका लयीत, शेवग्याची गळलेली फुलं आणि पाचोळा ती एका कडेला लोटत होती, जशी रोज सकाळी आपलं अंगण झाडणारी बाई झाडते तशी. कुणाकडे बघत नव्हती. मथुराबाय मागून आली आणि म्हणाली, "अगो पावनी, तू कशाला झारतेस? ठेव, ठेव." टेकचंद तिच्या मागे होता. त्याने पटकन हात आडवा धरून म्हातारीला थांबवलं. मग डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

"भाभीजी," तो अगदी हळू म्हणाला, "कँप में आने के बाद हिने झाडू हातात नाही घेतला. मैं झाडता हूँ."

जसोदाबाईचं झाडून झालं. केरसुणी भिंतीला उभी करून ती विहिरीच्या काठावर बसली, ओंजळीत पाणी घेतलं, आईकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "मिठो आहे." पाणी गोड आहे. ती सिंधीतच बोलली होती, पण तिचं "आहे" आणि आमचं "आहे" एकच निघालं.

आम्ही पडवीत आलो. नानांनी घसा साफ केला. हात कोटाच्या आत घातला. "मथुराबाय," ते म्हणाले, "आमचं असं ठरलंय की..."

"आम्ही विचार करून सांगतो," आई म्हणाली.

नाना तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचा हात खिशातच होता. मथुराबाय वैतागली. "आता अजून काय इचार करताव? रईवारची म्हनलेलं ना? त्यो डाक्टर उद्या यायचाय."

"उद्या नाही, बाय," आई म्हणाली. "आजच सांगतो. थोडा दम धरा."

आणि ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. आम्ही मागोमाग. जसोदाबाई आत मथुराबायपाशीच थांबली होती. आईने टेकचंदला सांगितलं, "हे घर तुम्ही घ्या."

टेकचंद एकदम मागे सरला. "नहीं, भाभीजी. ग्राहकाचं घर दलाल नाही घेत. मैंने ऐसा धंदा कभी नहीं किया."

"ग्राहकाला नको आहे."

"किसने बोला नको आहे? नानासाब पैसा लेके आए हैं!"

"मी बोलते, नको आहे," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही आत जा आणि तिला विचारा. ती नाही म्हणाली तर आम्ही घेतो. जा."

तो गेला. आम्ही तिघे शेवाळलेल्या दगडी गडग्याला टेकून उभे राहिलो. मी आईचं लुगडं ओढलं, म्हणाले, "आई, आपलं घर!" तिने माझा हात घट्ट धरला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. नाना काही बोलतील असं मला वाटत होतं. रागावतील, निदान विचारतील. ते नुसते बगळ्यांकडे बघत होते. थोड्या वेळाने टेकचंद पडवीत आला. टोपी अजून त्याच्या हातातच होती. त्याने नुसती मान हलवली, वर आणि खाली.

परतीच्या वाटेवर मी आईपासून मुद्दाम चार पावलं मागे चालले. घरी येऊन जेवलेही नाही. दिवेलागणीला आई गॅलरीत बसली होती, तिथे नाना जाऊन बसले आणि पहिल्यांदा बोलले. "अगं, पण वत्सूचं काय?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली. मग रडली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. "पण त्या बाईच्या हातातली केरसुणी मला काढून घेता आली नसती हो."

नाना म्हणाले, "नाही. मलाही नसती आली." आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिले. मी आतून हे ऐकलं. माझा राग तेव्हा गेला असं मी म्हणणार नाही. तो गेला खूप पुढे, मला स्वतःला मुलं झाल्यावर, आणि तेव्हाही एकदम नाही.

घर आम्हाला मिळालं ते नाना निवृत्त व्हायच्या सुमारास. अंबरनाथलाच, तीन खोल्या, स्वतःचा नळ. तोवर दिगू भिलाईला आणि मधू नाशिकला नोकरीवर गेलेला, माझं आणि वत्सूचं लग्न झालेलं. त्या घरात आई, नाना आणि काकू असे तिघेच राहत. आई म्हणायची, एवढ्या घरात हाक मारली तर ओ यायला वेळ लागतो.

पण मी सांगत होते ते त्या वर्षीचं. कुळगावच्या घराचे व्यवहार झाले, दोरखंड आवळलेल्या पेट्या बैलगाडीतून तिकडे गेल्या आणि मग एका दुपारी जसोदाबाई आमच्याकडे आली. पितळेच्या डब्यात गोड शेवया आणि त्यावर तळलेल्या बटाट्याच्या फोडी. असं काही गोड आणि तिखट एकत्र खायचं असतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. मधूने दोनदा मागून घेतलं. जसोदाबाई भिंतीशी बसली होती. वत्सू खोकल्यासाठी मावशीकडे गेलीय एवढं आईने तिला सांगितलेलं होतं. तिने खोलीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "छोटी किधर है? अभी तक नहीं आयी?"

आईने हाताने खोली दाखवली. जागा नाही, घर झालं की आणू, असं काहीतरी ती तिच्या त्या हिंदीत म्हणाली.

जसोदाबाईला आधी ते कळलंच नाही. कळल्यावर ती आईकडे अशी बघू लागली जशी एखाद्या आजारी माणसाकडे बघतात. तिने दोन्ही हात जमिनीवर ठेवले, एक इकडे, एक तिकडे, नऊ वर्षांच्या पोरीच्या खांद्यांएवढं अंतर. "इतनी," ती म्हणाली. "बेन, इतनी जगह. बस."

 मग काकू उठली. कोपऱ्यात धान्याचं पत्र्याचं मोठं पिंप होतं, तांदळाने अर्धं भरलेलं. काकूने ते मिठी मारल्यासारखं धरलं आणि जमिनीवरून खरखरत ओढत दाराकडे नेऊ लागली. दिगू मदतीला धावला तर त्याला म्हणाली, "हो बाजूला." पिंप गॅलरीत गेलं. जिथे ते होतं तिथे जमिनीवर एक गोल, फिकट डाग उरला. काकूने ओल्या फडक्याने तो पुसला आणि आईकडे वळली. "इंदिरे, माझ्यामुळे गेली ती. मला रोज ते दिसतं. उद्याच्या उद्या जा आणि तिला घेऊन ये. माझी मुलं गॅलरीत झोपतील, मीही झोपेन."

"वहिनी, तुमच्यामुळे नाही हो..." आई म्हणू लागली.

"जा म्हणते ना," काकू म्हणाली. ती एवढ्या मोठ्याने बोललेली मी प्रथमच ऐकली.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी एसटीने पनवेलवरून पेणला गेलो. मावशी दारात आली, आईचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, विचारलं, "अक्का, घर झालं वाटतं?"

"नाही झालं," आई म्हणाली. "पण पोरीला न्यायला आलेय."

मावशी भांडली नाही. मला वाटतं ती भांडली असती तर आईला सोपं गेलं असतं. तिने जेवायला वाढलं. मग आत जाऊन वत्सूचे फ्रॉक एकेक करून घडी घालू लागली, आणि घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होती. वत्सू खांबाला धरून उभी होती. तिने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"तिकडे मी कुठे झोपायचं?"

"माझ्याजवळ," आई म्हणाली.

वत्सूने त्यावर विचार केला. नानांची मुलगी ती. मग म्हणाली, "आणि इकडे मावशी कुणाजवळ झोपेल?"

"मावशी" असं ती म्हणाली होती. त्या तीन वर्षांत प्रथमच. मावशीचे हात थांबले. आईने एकदा वत्सूकडे पाहिलं, एकदा आपल्या बहिणीकडे, जी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होती आणि जिला तिनेच कडेवर वाढवलं होतं.

"कमळे," आई म्हणाली, "तुझी दोन लुगडी पण घे. तूही चल. पोरगी रुळेपर्यंत राहा."

"अक्का, तुझ्याकडे जागा कुठाय?"

"चल म्हणते ना," आई म्हणाली, अगदी काकूच्याच आवाजात.

संध्याकाळी आम्ही चाळीत पोचलो तेव्हा नाना नुकतेच कामावरून येऊन गादीवर बसले होते. काकू दिवा लावत होती. दारात आधी मी, मग आई, आईच्या हाताला वत्सू, आणि मागे मावशी, एका हातात बोचकं आणि दुसऱ्यात पेणच्या पोह्यांची पिशवी. नानांनी आम्हाला एकेक करून पाहिलं. मग ते खोलीकडे पाहू लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मला वाटलं, आता म्हणणार, विचार करून सांगतो.

ते उठले, वत्सूच्या डोक्यावर हात ठेवला, मावशीला म्हणाले, "ये गं कमळ, प्रवास बरा झाला ना?" आणि आपली उशी काखेत मारून गॅलरीत पिंपाशेजारी जाऊन बसले.